पुढे थांबते म्हणाली

१

उरणहून म्हसळ्याला जायचं तर वडखळ, कोलाड, माणगाव असा सरळ रस्ता आहे. सगळे त्याच रस्त्याने जातात. तांब्यांच्या घरात मात्र तो रस्ता कधी कुणी धरला नाही, आणि त्याचं कारण मैत्रीची आई, सखू.

सखू अंगणवाडी चालवायची. वर्षभर एका खोलीत पोरांचा कलकलाट ऐकल्यावर तिची एकच हौस असायची. सुटीत नणंदेकडे म्हसळ्याला जायचं, आणि जायचं ते समुद्र धरून. अलिबाग, रेवदंडा, कोर्लई, काशीद, मुरूड, मग आगरदांड्याला गाडी फेरीबोटीत घालायची, खाडी ओलांडून दिघीला उतरायचं, आणि डोंगर चढून पलीकडे म्हसळ्याच्या खोऱ्यात शिरायचं. वाटेत थांबायच्या तिच्या जागा ठरलेल्या. नवरा रामा एसटीत ड्रायव्हर होता. जन्मभर वेळापत्रकावर गाडी हाकलेला माणूस, पण या एका रस्त्यावर बायको म्हणेल तिथे तो ब्रेक दाबायचा. गाडी पुरती उभी राहायच्या आत सखू दार उघडून खाली उतरलेली असायची. रामा हँडब्रेक ओढणार, काचा वर करणार, चारी दारं ओढून बघणार, तोवर ती पार टोकाला पोचायची आणि तिथून हाक मारायची, "या लवकर. इथून चांगलं दिसतंय."

मैत्रीच्या लहानपणच्या आठवणींत आई बहुतेक पाठमोरीच होती.

सखू गेली त्याला वर्ष होत आलं. पहाटे दूध तापवायला उठली, ओट्याला टेकून खाली बसली, आणि रामा आवाज ऐकून येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्यानंतर रामाचं बोलणं हळूहळू कमी होत गेलं. भांडण नाही, तक्रार नाही, रडणंही नाही. जेवायला वाढलं की जेवायचा. संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बंदराकडे जाणारे कंटेनर बघत बसायचा. मैत्री तिथल्याच एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. घरी आली की बापलेक समोरासमोर बसून चहा प्यायचे, आणि दोघांच्या मधली जागा तिला रोज नव्याने मोकळी दिसायची.

पहिल्या स्मृतिदिनाला म्हसळ्याच्या आत्याने आपल्या वाडीतल्या विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला. मैत्रीने आदल्या रात्री सहज म्हटलं, "बाबा, माणगाववरून जाऊ. लवकर पोचू."

"नेहमीच्या रस्त्याने जाऊ," बाबा म्हणाले.

कित्येक महिन्यांत त्यांनी पहिल्यांदाच काही मागितलं होतं. मैत्रीने मान डोलावली.

२

अलिबागच्या अलीकडे कार्ले खिंडीत पहिला थांबा. रस्त्याच्या कडेला पत्र्याचं छप्पर घातलेली चहाची टपरी, मागे झाडी, आणि झाडीच्या फटीतून खाली शेतं. मैत्रीने गाडी लावली. बाबांचं डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून गाडी तीच चालवायची, पण उतरताना बाबांनी सवयीने चारी दारं ओढून बघितली.

टपरीवरच्या बाईने दोघांकडे बघितलं आणि काही न विचारता फळीवरचे दोन ग्लास पुढे सरकवले. दोन्हींवर बशा झाकलेल्या होत्या.

"आम्ही अजून सांगितला नाही चहा," मैत्री म्हणाली.

"तुमचाच हाय. एक बिनसाखरेचा, एक गवती चहा घातलेला. न्हाय का?"

बाबांना साखर होती. मैत्रीला गवती चहा लागायचा. तिने बशी काढली. चहा गरम होता, पण नुकता गाळलेला नव्हता. वर सायीचा पापुद्रा धरला होता.

"कुणी सांगितला?"

"बाई सांगून गेली सकाळी. म्हणली, पांढरी गाडी येईल. म्हातारा असंल आन् त्याची लेक असंल."

"कसली बाई? कुठे गेली?"

बाईने स्टोव्हला पंप मारता मारता हनुवटीने अलिबागची बाजू दाखवली. "चालत गेली की म्होरं."

मैत्रीला हसू आलं. आत्याने कुणाला तरी फोन केला असेल. आत्याची माणसं सगळीकडे असतात, कुणाची सून अलिबागला, कुणाचा भाऊ पोयनाडला. तिने तसं बाबांना म्हटलंही. बाबा चहाकडे बघत होते. त्यांनी ग्लास दोन्ही हातांनी धरला, एक घोट घेतला आणि डोळे मिटले. मग सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. मैत्रीला आठवेना, वर्षभरात त्यांनी काही इतकं चवीने खाल्लं-प्यायलं होतं का.

गाडीत बसताना तिने आत्याला फोन लावला. आत्या म्हणाली, "मी कशाला कुणाला सांगू गं? वहिनी नसताना तुम्ही या रस्त्याने येणार हे मला कुठं ठाऊक होतं?"

३

रेवदंड्याचा पूल ओलांडला की रस्ता डोंगर आणि पाण्याच्या मधून जातो. कोर्लईच्या आधी एका वळणावर सखू हमखास उतरायची. तिथून खाडीचं तोंड दिसतं, किल्ल्याची सोंड समुद्रात गेलेली दिसते, आणि खाली मचव्यांची रांग.

वळणावर एक कोळीण बांबूच्या दांडीवर बोंबील वाळत घालत होती. मैत्री मुद्दामच गाडीतून लवकर उतरली नाही. काच खाली करून बसून राहिली. वास, वारा, दांडीवर बोंबलांचा सुक्या पानांसारखा आवाज. सगळं नेहमीसारखं. ती स्वतःला सांगत होती, चहावाल्या बाईची दुसरी कुठली गिऱ्हाइकं असतील, पांढऱ्या गाड्या शेकड्यांनी जातात, साखर निम्म्या म्हाताऱ्यांना असते. लॅबमध्ये एक नमुना चुकला म्हणून कुणी निदान करत नाही. पुन्हा तपासतात.

बाबा मात्र उतरून कोळणीपाशी गेले होते. मैत्रीला बोलणं ऐकू येत होतं.

"इथून एक बाई गेली का?"

"व्हय. पानी मागितलंन. मगाशीच गेली." कोळणीने बाजूच्या दगडाकडे बोट केलं. दगडावर स्टीलचा पेला पालथा घातलेला होता. "पिऊन धुवून ठेवलानसुद्धा."

आई कुठेही पाणी प्यायली की पेला विसळून पालथा घालायची, लग्नाच्या मांडवातसुद्धा. मैत्रीने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"दमलेली दिसली का?" बाबांनी विचारलं.

"दमल्याली न्हाय. पन सारखी मागं वळून बघत व्हती."

बाबा गाडीत येऊन बसले. पट्टा लावला. मैत्रीने गाडी सुरू केली. मग ती म्हणाली, "बाबा, कार्ल्यापासून कोर्लईपर्यंत चालत कोण येईल? आपण गाडीने आलो तरी एवढा वेळ लागला."

"मी कुठे काय म्हटलं?"

"तुम्ही विचारलंत त्या बाईला."

"विचारलं." बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. "पायात चप्पल होती का, ते विचारायचं राहिलं."

४

काशीदला सुरूच्या झाडीत गाडी लावेपर्यंत मैत्रीच्या मनात एक हिशेब तयार झाला होता. तो तिला नको होता, पण तो आपोआप झाला. खिंडीतली बाई म्हणाली, सकाळी. कोळीण म्हणाली, मगाशी.

सुटीचा दिवस नव्हता. किनारा रिकामाच होता. शहाळेवाल्याने पाण्याकडे तोंड करून तीन खुर्च्या मांडल्या होत्या. मधल्या खुर्चीच्या पायाशी एक शहाळं ठेवलेलं होतं, आत नळी, आणि नळी अजून हलत होती. वाऱ्याने हलत असेल. वारा होताच.

"बसा," शहाळेवाला म्हणाला. "मॅडम आत्ताच उठल्या. बोलल्या, आमची माणसं येतायत, त्यांना खुर्च्या ठेवा."

त्यानंतर मैत्रीने जे केलं ते तिने ठरवून केलं नाही. ती धावली. झाडीतून, वाळूतून, चपला कुठे निघाल्या तेही तिला कळलं नाही. ओल्या वाळूत पावलं होती. लहान, बोटं पसरलेली, उजवं पाऊल जरा बाहेर वळलेलं. कडेच्या पावलात पाणी अजून पाझरत होतं, भरत होतं. पावलं किनाऱ्याने जाऊन मग रस्त्याच्या बाजूला वर चढली होती. मैत्री त्यांच्या शेजारून धावली. तिच्या तोंडून हाक फुटली नाही, पण ओठ तो एकच शब्द धरून होते. एवढ्या महिन्यांत ती रडली नव्हती. बाबांना सांभाळायचं होतं, लॅब होती, कार्यक्रम होते. आता तिला फक्त पोचायचं होतं. पोचून पदर धरायचा, बस्स.

चढावर कोरडी वाळू लागली आणि पावलं दिसेनाशी झाली. मैत्री धापा टाकत थांबली. आणि थांबल्यावरच तिला तो हिशेब पुरा सुचला. सकाळी, मगाशी, आत्ताच. अंतर कमी होत होतं. आणि ते संपल्यावर काय, हा प्रश्न तिने अजून स्वतःला विचारलाच नव्हता.

तिने मागे बघितलं. दूरवर बाबा मधल्या खुर्चीच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. पाण्याकडे बघत होते. त्यांचा हात मधल्या खुर्चीच्या हातावर होता.

ती परत आली तेव्हा ते म्हणाले, "पुढच्या ठिकाणी तू गाडीतच बस. मी एकटा उतरतो."

"का?"

"तुला अजून पुष्कळ काम आहे," ते मायेने म्हणाले. शाळेत जाणाऱ्या मुलीला सांगावं तसं.

मैत्रीने वाळूतल्या चपला उचलल्या आणि बाबांना हाताला धरून गाडीकडे नेलं.

५

मुरूड सोडल्यावर रस्ता टेकडीवर चढतो आणि एका जागी एकदम जंजिरा दिसतो, पाण्यात बसलेला. तिथे कठडा आहे, दोनचार गाड्या मावतील एवढी जागा आहे. सखूची ही सगळ्यांत आवडती जागा. इथे ती अर्धाअर्धा तास उभी राहायची.

मैत्रीने वेग कमी केला नाही.

"इथे थांबतो आपण," बाबा म्हणाले.

"फेरी चुकेल बाबा."

"मैत्री. इथे थांबतो आपण."

तिने डोळे रस्त्याच्या पट्ट्यावर ठेवले. डावीउजवीकडे बघायचं नाही, आरशात बघायचं नाही. कठडा बाजूने सरकत गेला, तो तिला दिसला नाही, पण कळला. खिडकीची काच वर होती तरी वाऱ्याचा आवाज क्षणभर बदलला, मोकळ्या जागेत कुणी आडवं उभं असलं की बदलतो तसा. मग टेकडी उतरली. बाबा सबंध वळून मागे बघत होते. सीटचा पट्टा त्यांच्या गळ्याशी ताणला गेला होता.

आगरदांड्याला बोट लागलेलीच होती. मैत्रीने गाडी थेट फळीवरून आत घातली. बोटीवरच्या माणसाने चाकांना लाकडी ठोकळे लावले, साखळी ओढली, इंजिनाचा धडधडाट सुरू झाला. खाडीचं पाणी मधे येऊ लागलं तशी तिची छाती सैल झाली. सुटलो. ती उतरून बाबांना शोधायला मागच्या टोकाला गेली.

बाबा कठड्याला धरून उभे होते. धक्का लांब जात होता. धक्क्यावर जाळी, टोपल्या, दोनचार माणसं. एवढ्या लांबून बाई की पुरुष तेही कळत नव्हतं. बाबांनी हात वर केला. हलवला नाही, नुसता वर धरून ठेवला.

"राहिली ती," ते म्हणाले. "आपण येऊ म्हणून थांबली होती. तू थांबली नाहीस."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मैत्रीला सोसला असता. ती त्यांच्या शेजारी उभी राहिली आणि तिला दिसलं, आपण काय केलं ते. जिवंतपणी आई कधी मागे राहिली नव्हती. ती नेहमी पुढे असायची, आणि वळून हाक मारायची. आज पहिल्यांदा ती कुणासाठी तरी थांबली, आणि आपण तिच्या समोरून गाडी तशीच नेली. भ्रम असेल, असं मैत्रीने पुन्हा पुन्हा स्वतःला सांगितलं. भ्रम असला तर एवढं तुटायला कशाला हवं, हे मात्र तिला सांगता येईना.

६

दिघीला उतरल्यावर बाबा गाडीत बसेनात. धक्क्याच्या कडेला सिमेंटचा बाक होता, त्यावर जाऊन बसले.

"पुढची बोट येऊ दे," एवढंच म्हणाले.

मैत्रीने समजावून पाहिलं. आत्या वाट बघतेय, जेवण थांबलंय, ऊन लागेल. बाबा हं हं करत राहिले. शेवटी ती शेजारी बसली. त्यांच्या पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टाची कॉलर घामाने ओली झाली होती. डावा खांदा उतरलेला, वर्षानुवर्षं एसटीचा गिअर ओढल्यामुळे. तिने त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी घेऊ दिला.

"बाबा, आई गेली," ती म्हणाली. वर्षभरात हे वाक्य दोघांपैकी कुणी उच्चारलं नव्हतं.

"हो ना," बाबा म्हणाले. "पुढे गेली. मला दारं लावायला वेळ लागतो, तुला माहितीये."

पुढची बोट आली. एक टेम्पो उतरला, मोटरसायकली उतरल्या, टोपल्या घेतलेल्या बायका उतरल्या. मैत्री प्रत्येकीचं तोंड बघत होती. सगळ्या परक्या. बोट रिकामी झाली, तिच्या तळाशी ढवळणाऱ्या पाण्याचा आवाज तेवढा राहिला.

बाबा उठले. कंबरेला हात लावून सरळ झाले. चेहरा एकदम निवळला होता.

"चल. आली."

"कुठे? मला दिसली नाही."

"पुढे गेली की. वरच्या वळणावर थांबते म्हणाली."

मैत्री त्यांच्या शेजारीच बसून होती. कुणी काही म्हणालं नव्हतं.

७

दिघी मागे पडली की रस्ता डोंगर चढतो. दुसरा रस्ता नव्हता. असता तर तिने तो घेतला असता. ती हळू चालवत होती, इतकं हळू की मागचे ट्रक भोंगे वाजवून पुढे जात होते. बाबा खिडकीची काच उतरवून बसले होते आणि एखाद्या लग्नाला निघाल्यासारखे केसांवरून हात फिरवत होते. केस उरले होते तेवढ्यांवरून.

घाटमाथ्याचं वळण आलं. तिथून रस्त्याच्या कडेचा दगडी कठडा आणि त्याच्या पलीकडे सबंध खोरं दिसतं. कापलेली भातशेतं, आंब्यांचे काळसर पुंजके, मधे म्हसळ्याची कौलं आणि मिनार, आणि वर चुलींचा निळा धूर. मैत्रीचा विचार इथेही न थांबायचा होता. पण धक्क्याकडे वर धरलेला बाबांचा हात तिला आठवला. मागे टाकून जायचं, ते पुन्हा तिच्याने झालं नाही. तिने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

कठडा रिकामा होता.

"मी येतो जाऊन," बाबा म्हणाले आणि दाराच्या कडीला हात घातला.

मैत्रीने बटण दाबलं. चारी दारं एकदम कुलूपबंद झाली. तो आवाज गाडीत केवढा तरी मोठा वाटला. तिने त्यांचा हात पकडला, घट्ट, दोन्ही हातांनी.

"नाही बाबा. मी एकटी काय करू?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत तिची एवढी दया होती की तिला खाली बघावं लागलं.

"बरं," ते म्हणाले. मग त्यांनी डोकं मागे टेकलं आणि डोळे मिटले. त्यांच्या श्वासाचा आवाज येऊ लागला, संथ, झोपलेल्या माणसाचा. हात गरम होता. नाडी लागत होती. मैत्री ती मोजत बसली, लॅबमध्ये पेशी मोजाव्यात तशी, कारण मोजण्यात भीती थोडी मागे सरते.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. तिने मान वर केली.

कठड्यावर दोघं बसली होती. पाठमोरी. बाईने जांभळं लुगडं नेसलं होतं, अंबाडा सैल सुटत आलेला. शेजारी पुरुष. त्याच्या पांढऱ्या शर्टाची कॉलर घामाने ओली होती. डावा खांदा उतरलेला. बाई हात लांब करून खोऱ्यात काहीतरी दाखवत होती आणि तो तिच्या बोटाच्या रोखाने बघत मान डोलवत होता.

मैत्रीच्या हातात बाबांचा हात होता. गरम. ती आवळून धरत होती. तिने शेजारी बघितलं नाही. बघितलं असतं तर सीटवर कोण आहे ते कळलं असतं, आणि ते तिला कळून घ्यायचं नव्हतं.

मग बाईची मान वळू लागली. आधी कान दिसला, कानातली कुडी, गालाची कड. ती मागे बघणार होती. हाक मारणार होती. मैत्रीच्या अंगातला प्रत्येक कण तिकडे ओढला गेला, आणि तिने डोळे गच्च मिटून घेतले.

हाक आली नाही. किंवा त्याच वेळी खालून ट्रक चढत आला, त्यात ती बुडाली असेल.

डोळे उघडले तेव्हा कठड्यावर ऊन होतं. बाबा जागे झाले होते. "पोचलो का?" त्यांनी विचारलं, आणि तहान लागली म्हणून पाणी मागितलं.

ते एक क्षणभर बघायचं होतं. नुसतं तोंड बघायचं होतं आईचं. ते मैत्रीने बघितलं नाही, आणि पुढे आयुष्यभर ती दुसऱ्या कशापेक्षाही त्यासाठी जास्त रडली.

८

आत्याच्या घरी बाबा पोटभर जेवले. भाचीशी, प्रणालीशी गप्पा मारल्या. कोणत्या वर्षी कोणत्या डेपोत होतो, कुठल्या घाटात ब्रेक निकामी झाले, सगळं त्यांना लख्ख आठवत होतं. आत्या मैत्रीच्या कानाशी म्हणाली, "किती सुधारलाय गं. मला वाटलं होतं, खचला असेल." मैत्रीचं लक्ष बाबांकडे होतं. ती त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट शोधत होती आणि ती सापडत नव्हती. सगळे प्रवास होते. त्यांत ते एकटेच होते.

विहारात संध्याकाळी वाडीतली माणसं जमली, पांढऱ्या कपड्यांत. वंदना झाली. मग समोर ठेवलेल्या सखूच्या फोटोला एकेकाने फुलं वाहिली. आत्या बोलली, सखूने तिच्या बाळंतपणात महिनाभर राहून कसं सगळं केलं ते. प्रणाली बोलता बोलता हुंदके देऊ लागली. एका शेजारणीने सांगितलं, सखूवहिनी आली की आमच्या पोरांना गाणी शिकवून जायची. बाबा पहिल्या रांगेत मांडी घालून बसले होते. नीट ऐकत होते. कुणी रडलं की त्यांचाही चेहरा उतरत होता, परक्याच्या दुःखात भल्या माणसाचा उतरतो तेवढा.

त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी फोटोसमोर फूल ठेवलं, हात जोडले, आणि परत येऊन मैत्रीशेजारी बसले.

नंतर डॉक्टरांना दाखवलं, मेंदूचे फोटो काढले. डॉक्टर म्हणाले, एखादी बारीक रक्तवाहिनी बंद झाली असेल, या वयात होतं, इतकं नेमकं सहसा होत नाही पण होऊ शकतं. मैत्रीने ते मान्य केलं. असले अहवाल ती रोज वाचायची.

पण ते पुढचं. त्या संध्याकाळी विहाराबाहेर ओट्यावर दोघं बसली होती. आत चहा वाटत होते. खोऱ्यात अंधार भरायला लागला होता आणि घाटमाथ्यावर थोडा उजेड उरला होता.

"चांगली बाई होती म्हणायची," बाबा हळू आवाजात म्हणाले. "सगळी माणसं इतकी मनापासून रडतात म्हणजे. तुझ्या कोण, मैत्री?"

मैत्रीने त्यांच्याकडे वळून बघितलं.

"आई," ती म्हणाली.

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात तिच्या ओळखीचा होता, स्टिअरिंगने घट्टे पडलेला. तो थोडा वेळ तसाच राहिला.

"वाईट झालं पोरी," ते म्हणाले. मग काहीतरी आठवल्यासारखं त्यांनी विचारलं, "आणि वडील? ते एकटे पडले असतील."

मैत्रीने घाटमाथ्याकडे बघितलं. तिथला उजेडही आता जात होता.

"नाही," ती म्हणाली. "ते तिच्याबरोबर आहेत."

"मग बरं," बाबा म्हणाले, आणि त्यांनी खरोखरच सुटकेचा श्वास सोडला. "मग काळजी नाही."